चकचकीत दार

निवृत्त रिअर अॅडमिरल एडमंड वेलँड यांच्या घरात धूळ औषधालासुद्धा सापडली नसती. रोज सकाळी ते खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढत, जिन्याच्या कठड्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवत आणि रुमालावर डाग उमटला तर एक शब्दही न बोलता तो मोलकरणीच्या हातात ठेवत. चार शिव्या दिलेल्या परवडल्या, पण तो रुमाल नको, असं ती शेजारच्या स्वयंपाकिणीला सांगायची. इंग्लंडात, साउथसीच्या किनाऱ्यावर अशी निवृत्त अधिकाऱ्यांची घरं रांगेने होती. घरात शिरलं की पितळी दिवे, पितळी घंटा, पितळी दुर्बीण, आणि या सगळ्यांत आपलं तोंड दिसणारच. वेलँडसाहेबांच्या घरात ते जरा जास्तच स्वच्छ दिसायचं.

मंगळवारी चहाला पाद्री एलरी आले. पोर्टसीतल्या त्यांच्या चर्चची एक भिंत नव्याने बांधून झाली होती आणि तिच्यावर ‘ऑरेलिया’ जहाजावर बुडालेल्या माणसांच्या नावांची पितळी पाटी बसवायची होती. अपघाताला तेवीस वर्षं झाली होती. बुडालेले बहुतेक सगळे त्यांच्याच वस्तीतले.

“पडदा तुम्हीच बाजूला करायचा, अॅडमिरलसाहेब,” पाद्री म्हणाले. “त्या जहाजावरचे एवढे मोठे अधिकारी आता तुम्हीच उरलात. ही यादी. पाटी कोरायला द्यायच्या आधी नावं एकदा बघून घ्या.”

वेलँडसाहेबांनी चष्मा लावला. नावं त्यांना पाठ होती. बोट खाली खाली गेलं आणि शेवटच्या ओळीखाली थांबलं.

“अकराच आहेत,” ते म्हणाले. “बारा होते.”

“हो, बारावा तो पास्को.” पाद्र्यांनी बिस्किट चहात बुडवलं. “त्याला नाही घेतलं. कूपर्स रो गल्लीतल्या बायकांनी साफ सांगितलं, ज्याने दार नीट न लावता आमची माणसं मारली, त्याचं नाव त्यांच्या पंगतीला बसवणार असाल तर आम्ही चर्चची पायरी चढणार नाही. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.”

“हं,” वेलँडसाहेब म्हणाले.

पाद्री गेल्यावर ते खिडकीशी जाऊन बसले. अख्ख्या आयुष्यात त्यांनी तोफांच्या आवाजावर आवाज चढवून हुकूम दिले होते, आणि आज तोंडातून निघालं काय, तर हं. या ‘हं’ची त्यांना जितकी लाज वाटली तितकी कधी कशाची वाटली नव्हती. खरं सांगायचं तर एका गोष्टीची वाटली होती. पण तिच्याकडे त्यांनी तेवीस वर्षं पाठ फिरवली होती.

तेराव्या वर्षी ते नौदलात आले, तेव्हाच त्यांना एक गोष्ट कळली होती. धाडस दाखवायला लढाई लागते, आणि लढाया काही रोज होत नाहीत. स्वच्छता मात्र रोज दाखवता येते. चीनच्या समुद्रात, माल्टाच्या बंदरात, जिथे गेले तिथे त्यांच्या वाट्याची दोरखंडं पांढरी, तोफा चकचकीत आणि डेक असा की त्यावर ताट न घेता जेवावं. वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते ‘ऑरेलिया’वर कमांडर झाले. म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी. जहाजाच्या दिसण्याची सगळी जबाबदारी त्याची. कमांडरचा कॅप्टन व्हायचा की नाही हे वर्षातून दोनदा निघणाऱ्या बढतीच्या यादीवर ठरायचं, आणि यादीत नाव यायचं की नाही हे तपासणीला येणाऱ्या अॅडमिरलच्या पांढऱ्या हातमोज्यांवर. त्या काळी तोफ डागली तर रंग खराब होतो म्हणून सरावाचा दारूगोळा गुपचूप समुद्रात लोटणारे कमांडर होते. वेलँडसाहेबांनी तेही केलं. शिवाय तळातल्या पाणीबंद दारांचाही नंबर लावला.

ही दारं लोखंडाची. जहाजाला भोक पडलं तर पाणी एकाच खणात अडावं, पुढच्या खणात जाऊ नये, म्हणून. चौकटीत घट्ट बसायची आणि कडेने सहा खटके आवळले की पाण्याचा थेंब आत यायचा नाही. इतर जहाजांवर त्यांना करडा रंग फासलेला असे. ‘ऑरेलिया’वर रंग खरवडून काढला गेला, आणि चार भट्टीवाले खलाशी विटेची भुकटी आणि पॉलिश कागद घेऊन दोन वर्षं रोज ती घासत राहिले. त्या चौघांतला एक जेथ्रो पास्को.

अॅडमिरल तपासणीला आले तेव्हा भट्टीच्या खणाच्या दारापुढे उभं राहून त्यांनी आपल्या मिशा सारख्या केल्या. “वेलँड,” ते म्हणाले, “या दारात बघून दाढी करता येईल.” वेलँडसाहेबांना त्या रात्री आनंदाने झोप आली नव्हती.

त्याच महिन्यात जहाजाचा सुतार सायलस ओकली त्यांच्याकडे आला. बोलायला नको तेवढा स्पष्ट माणूस. “साहेब, जरा खाली चला,” म्हणाला. खाली नेऊन त्याने दार लावलं, सहाही खटके आवळले आणि एका माणसाला पलीकडे मेणबत्ती धरायला सांगितली. दाराच्या कडेने उजेडाची बारीक रेघ दिसली, वरपासून खालपर्यंत, अखंड.

“घासून घासून कडा गेल्यात, साहेब,” ओकली म्हणाला. “पत्राही पातळ झालाय. हे आता दार नाही, नुसती शोभा आहे. गोदीत नेऊन बदलायला हवं.”

गोदीत न्यायचं म्हणजे का न्यायचं हे लिहून द्यायला हवं. जूनची यादी तोंडावर आलेली.

“यादी लागू दे,” वेलँडसाहेब म्हणाले. “मग बघू.”

यादी लागायच्या तीन आठवडे आधी, पोर्टलंडजवळ धुक्यात एका कोळसावाहू जहाजाने ‘ऑरेलिया’च्या कुशीत नाक खुपसलं. भट्टीच्या खणात पाणी शिरलं. तिथली माणसं शेजारच्या कोळशाच्या खणात पळाली आणि सगळ्यांत शेवटच्या पास्कोने मागे वळून दार लावलं. पाणी तिथेच अडायला हवं होतं. ते कडेने आलं, मग पातळ पत्रा पोटातून वाकला, तीन खटके तुटून निघाले, आणि अंधारात शिडी सापडेपर्यंत बारा माणसं संपली. जहाज वाचलं. पाणी उपसल्यावर सगळ्यांत आधी खाली उतरले ते वेलँडसाहेब. पास्कोचा हात चौथ्या खटक्याच्या जागेवर होता.

आणि मग त्यांनी जे केलं, ते त्यांच्या जातीच्या माणसाशिवाय कुणाला सुचलं नसतं. चौकशीला तीन कॅप्टन येणार, मोठी माणसं, त्यांना घाण दिसायला नको, म्हणून त्यांनी तो खण साफ करवला. तुटके खटके काढून नवे बसवले, गाळ धुतला, दार ठोकून सरळ केलं आणि पुसलं. त्या वेळी त्यांच्या मनात पाप नव्हतं असं ते पुढे स्वतःला सांगत. नुसती सवय होती. पण ओकलीची शिफारस करून त्याला तातडीने दुसऱ्या गोदीत चांगल्या जागेवर पाठवलं, ती मात्र सवय नव्हती.

चौकशीत त्यांना एकच प्रश्न आला. “दार सुस्थितीत होतं का?”

“जहाजावरचं सगळ्यांत चांगलं राखलेलं दार होतं ते, सर.”

यातला एक शब्दही खोटा नव्हता. दार चांगलं, मग माणूस वाईट, हे त्या तिघांनी आपलं आपणच ठरवलं. भट्टीवाला पास्को याने घाबरून सगळे खटके आवळले नाहीत, असं कागदावर आलं. वेलँडसाहेबांचं नाव जूनच्या नाही, पण डिसेंबरच्या यादीत लागलं. पुढची सगळी गलबतं, सगळ्या सलाम्या, छातीवरची पदकं आणि निवृत्तीनंतर मिळालेला अॅडमिरलचा हुद्दा, सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं.

शुक्रवारी दुपारी ते कूपर्स रो गल्लीत गेले. गल्ली अरुंद, दोन्हीकडे एकाला एक चिकटून घरं. गरिबीची गल्ली, पण पायऱ्या पांढऱ्या दगडाने घासून लख्ख केलेल्या आणि दारावर वाजवायचे पितळी ठोके चमचमणारे. फक्त नऊ नंबरच्या दाराचा ठोका काळाहिरवा पडला होता. किती गबाळी बाई, असं त्यांच्या मनात आलंच. सवय.

दार उघडणारी बाई पन्नाशीची होती, हात साबणाने सोललेले. हेस्टर पास्को. तिने त्यांना ओळखलं, पण लगेच आत या म्हणाली नाही.

“बाई, मी एडमंड वेलँड. ‘ऑरेलिया’वर मी...”

“ठाऊक आहे. आत या. दारात उभे राहिलात तर उद्या त्यावरही बोलतील.”

आतली खोली नीटनेटकी होती, अगदी त्यांच्या मापाने नीटनेटकी. पण पितळ जितकं होतं तितकं सगळं हिरवं. मेणबत्तीचा स्टँड, दाराची मूठ, चुलीवरची कडी.

“मी नाही घासत,” त्यांची नजर बघून ती म्हणाली. “जेथ्रो सुट्टीवर यायचा तेव्हा त्याच्या बोटांना कातडी नसायची. म्हणायचा, हेस्टर, आम्ही ते दार असं घासतोय की एक दिवस बंद दारातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल. हसायचो आम्ही. तो गेल्यापासून मी या घरात पितळाला हात लावला नाही. गल्लीतल्या म्हणतात, नवरा कामचुकार, बायको कामचुकार.”

वेलँडसाहेबांनी येताना मनात भाषण जुळवून आणलं होतं. ते सगळं बाजूला पडलं.

“तुम्हाला माहीत होतं,” ते म्हणाले.

“तेवीस वर्षं.”

“मग कुणाला सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. त्या लॅम्पार्डबाईंना सांगितलं, समोरच्या. त्यांचे दोन मुलगे गेले त्यात. म्हणाल्या, नवऱ्याचं पाप लोखंडावर ढकलतेस. तेव्हापासून माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या नाहीत म्हणून कुणीच नाही. नळावर मी गेले की बादल्या उचलून बाजूला होतात. माझी मुलगी लग्न करून लांब लिव्हरपूलला गेली, लांबच हवं म्हणाली.” हेस्टरने एप्रनला हात पुसले. “तुम्ही कशाला आलात?”

“पाटीवर त्याचं नाव नाही. मी पाद्र्यांना सांगणार आहे. चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, मी स्वतः...”

“चर्चमध्ये नको.”

ते थांबले.

“तिथे बोललात तर काय होईल सांगू? तुम्ही वर उभे, छान आवाज, शेजारी पाद्री. लोक म्हणतील, काय मोठं मन साहेबांचं, मेलेल्या भट्टीवाल्यावर पांघरूण घालतायत. तुम्ही देवमाणूस होऊन घरी जाल आणि जेथ्रो तिथेच. नाही साहेब. गल्लीत सांगा. सोमवारी, धुण्याच्या दिवशी, सगळ्या बाहेर असतात. त्यांच्या डोळ्यांत बघून सांगा. आणि तो सोन्याच्या पट्ट्यांचा कोट घालून या. साध्या कोटात आलात तर म्हणतील, कुणीतरी म्हातारा बरळून गेला.”

“निवृत्त माणसाने गणवेश घालून असं रस्त्यावर फिरायची परवानगी नसते, बाई.”

हेस्टरने त्यांच्याकडे पाहिलं. आपण आत्ता काय बोललो हे वेलँडसाहेबांना कळलं आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत रक्त चढलं. बारा माणसांचा हिशेब समोर उभा आणि यांना नियम आठवला.

“येईन,” ते म्हणाले.

सोमवारी सकाळी गणवेश पोटावर बसेना. मोलकरणीने मागून ओढून गुंड्या लावल्या आणि आज कुठे समारंभ आहे का विचारलं. नाही म्हणाले. घोडागाडी गल्लीच्या तोंडाशी सोडून ते चालत निघाले. गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर ओल्या चादरी. पदकं सांभाळत, वाकून, एकेका चादरीखालून अॅडमिरल पुढे सरकत होते. बायकांचे हात थांबले.

“अगंबाई, राजाचं कुणी मेलं की काय,” एक हळूच म्हणाली.

“तुझ्या दारात कशाला येतील सांगायला?” दुसरी म्हणाली.

समोरच्या घरातून पांढऱ्या केसांची एक जाडशी बाई खुर्ची घेऊन आली. ती लॅम्पार्डबाई. तिने एप्रनने खुर्ची पुसली आणि गल्लीच्या मधोमध ठेवली. “बसा साहेब. चालून दमलात. माझे दोघं तुमच्या जहाजावर होते, डॅनियल आणि जॉब. पत्र आलं होतं तुमच्या सहीचं. जपून ठेवलंय मी.”

वेलँडसाहेब बसले नाहीत. ते पत्र त्यांना आठवलं. बाराही जणांच्या नावाने एकच मजकूर गेला होता, पास्कोच्या सोडून. त्याच्या घरी काहीच गेलं नव्हतं. म्हणजे अकरा.

“सन अठराशे एक्क्याऐंशी साली,” त्यांनी सुरुवात केली, “सदर जहाज पोर्टलंडच्या नैर्ऋत्येस असताना...”

“साहेब, आम्हाला कळेल असं सांगा,” मागून कुणीतरी म्हणालं.

त्यांनी नऊ नंबरकडे पाहिलं. दार बंद होतं, पण खिडकीचा पडदा एक बोट सरकलेला.

“जेथ्रो पास्कोने दार लावलं होतं,” ते म्हणाले. “सहाही खटके लावले होते. दार खराब होतं. मी खराब केलं होतं. शोभेसाठी घासून घासून पातळ करवलं. सुताराने मला दाखवलं होतं की कडेतून उजेड येतो. मी ऐकलं नाही, कारण मला बढती हवी होती. आणि नंतर चौकशीत विचारलं तेव्हा मी म्हणालो, दार उत्तम होतं. तुमची माणसं त्याने नाही मारली. तो सगळ्यांत मागे राहिला. मला सापडला तेव्हा त्याचा हात खटक्याच्या जागी होता. हे मला तेव्हापासून माहीत आहे.”

टपटप पाणी पडत होतं चादरींचं. वेलँडसाहेब वाट बघत उभे राहिले. कुणीतरी थुंकेल, कुणीतरी बादली फेकून मारेल, निदान एखादी शिवी तरी हासडेल. ते त्यासाठी तयार होऊन आले होते. खरं तर त्याच्याच आशेवर आले होते.

“तेवीस वर्षं,” लॅम्पार्डबाई म्हणाली. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. “तेवीस वर्षं मी तिच्यासमोर बादली उचलली.”

“बाई, त्यात तुमचा दोष...”

“तुम्ही आता थांबा, साहेब,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. घरातल्या माणसाला सांगावं तितक्या साधेपणाने म्हणाली. आयुष्यात कुणी त्यांना असं थांबवलं नव्हतं, आणि ते थांबले.

तिने मधोमध ठेवलेली खुर्ची उचलली. एवढ्या ओल्या गल्लीत जड खुर्ची घेऊन चालताना तिचा एक पाय लंगडत होता, पण मदतीला आलेल्या पोरीला तिने कोपराने बाजूला केलं. नऊ नंबरच्या पायरीशी ती थांबली. हिरव्या पडलेल्या त्या ठोक्याला गल्लीतल्या कुणाचाही हात तेवीस वर्षांत लागला नव्हता. तिने तो पकडला आणि दोनदा वाजवला.

दार उघडलं. हेस्टर उंबऱ्याच्या आत, लॅम्पार्डबाई बाहेर.

“हेस्टर.”

“काय?”

“मी ऐकलं.”

“मीही ऐकलं. खिडकीतून.”

“आत येऊ?”

हेस्टरने तिच्याकडे पाहिलं, तिच्यामागे गोळा झालेल्या बायकांकडे पाहिलं. “नाही,” ती म्हणाली. “आज नाही.” आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आतून कडी सरकल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

लॅम्पार्डबाईने खुर्ची पायरीला टेकवून ठेवली, दाराकडे तोंड केलं आणि बसली. तिचं धुणं तिकडे टपात पडून होतं. कुणीतरी म्हणालं, अहो काकी, पाणी गार होईल. होऊ दे, म्हणाली. मग पलीकडच्या घरातून एक तिपाई आली, तिच्यावर दुसरी बाई येऊन बसली. तिसरी नुसतीच पायरीवर टेकली.

वेलँडसाहेबांकडे आता कुणाचंही लक्ष नव्हतं. सोन्याच्या पट्ट्यांवर ओली चादर लागून काळपट डाग पडला होता. जावं की थांबावं हे त्यांना सांगणारं तिथे कुणी नव्हतं, आणि हुकमाशिवाय कसं वागायचं हे त्यांना कधी शिकवलं गेलं नव्हतं. पाद्र्यांकडे जायचं होतं, बारावं नाव लिहून द्यायचं होतं, नौदल खात्याला सही करून पत्र धाडायचं होतं.

लॅम्पार्डबाईने तळहात उघडून पाहिला. ठोक्याचा हिरवा गंज तळहातभर लागला होता. वेलँडसाहेबांचा हात सवयीने खिशात गेला, पांढरा रुमाल निम्मा बाहेर आला, ते एक पाऊल पुढेही सरले. बाईने हात मिटून मांडीवर ठेवला. पुसला नाही. त्यांनी रुमाल परत खिशात कोंबला आणि चादरींखालून वाकत वाकत ते आल्या वाटेने निघाले.